शाळेच्या वाटेवर लेकरांची दिंडी

वाचकाचं पत्र, थोडक्यात : बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईनं लिहिलं आहे. मुलगी पाचवीत, मुलगा दुसरीत. दोघांची शाळा एकच, घरापासून सव्वा किलोमीटरवर, दहाला भरते. आजवर दोघं रिक्षानं जायची. तिघांच्या रिक्षात अकरा लेकरं, दप्तरं बाहेर टांगलेली. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक दिवस वळणावर रिक्षा कलंडता कलंडता वाचली. तेव्हापासून रिक्षाचा आवाज आला की यांच्या पोटात गोळा येतो. नवरा सकाळी आठलाच कारखान्यावर कामाला जातो. शेजारचा नववीतला मुलगा म्हणतो, "काकू, मी सोडतो की स्कूटीवर." यांच्या मनात आहे की मुलीनं भावाला हाताला धरून चालत न्यावं, कारण "ती आता मोठी आहे, समजदार आहे." पण मधे हमरस्ता लागतो आणि सध्या त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चालू आहेत. सासूबाई म्हणतात, पोरं पळवणारी टोळी फिरते आहे. नवरा म्हणतो, "घरात गाडी असून लेकरं पायी? लोक काय म्हणतील?" गल्लीतली आणखी चार-पाच मुलं त्याच शाळेत जातात, सगळ्यांचा मिळून गट करावा का, असंही त्यांनी विचारलं आहे. "पण ओढ्यापलीकडच्या वस्तीतली मुलंही त्याच वाटेनं जातात, ती गटात आली तर घरचे बोलतील," हे वाक्य पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं आहे. आणि शेवटी प्रश्न : "लेकरांना पायी पाठवलं तर मी निष्काळजी आई ठरेन का?"

ताई,

नाही ठरणार. रिक्षाचा आवाज ऐकून जिच्या पोटात गोळा येतो, ती आई निष्काळजी कशी असेल? लेकरांनी चालत शाळेत जावं हा तुमचा विचार मला मनापासून पटला. पण ज्या रीतीनं त्यांना पाठवायचं म्हणता, ती रीत मला पटली नाही. म्हणून आधी तिथूनच बोलते.

"मुलगी मोठी आहे," असं तुम्ही पत्रात तीनदा लिहिलं आहे. ताई, पाचवीतली पोर दहा-अकरा वर्षांची असते. आपल्याकडं थोरली मुलगी लवकर अर्धी आई होते. धाकट्याला आंघोळ घालते, जेवू घालते, त्याचं दप्तर भरते, आणि आपण कौतुकानं म्हणतो, किती समजदार! घरात ती समजदार असेलही. हमरस्त्यावर मात्र समजदारी पुरत नाही. येणारी गाडी किती लांब आहे आणि किती जोरात येते आहे, या दोन्हींचा मेळ घालणं लहान मुलांना जमत नाही. साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत तर हा अंदाज कच्चाच असतो, आणि पुढंही तो सरावानंच पक्का होतो. हिशेब करून बघा. दुपदरी डांबरी रस्ता दुसरीतल्या पोराचा हात धरून ओलांडायला सात-आठ सेकंद लागतात. ताशी ५० किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर येते. म्हणजे तुमच्या मुलीनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा जी गाडी शंभर मीटरवर, लांब कुठंतरी दिसत होती, ती दोघं पलीकडं पोचता पोचताच अंगावर आलेली असते. त्यातून भावानं हात सोडला तर?

मला त्या "तर"चीच जास्त काळजी वाटते. देव न करो, पण काही झालं तर तुम्ही तिला बोल लावणार नाही, मला खात्री आहे. ती स्वतःला लावेल, आणि आयुष्यभर लावत राहील. इतकं ओझं दहा वर्षांच्या लेकराच्या खांद्यावर ठेवायचा आपल्याला हक्क नाही. रस्ता ओलांडून द्यायला मोठं माणूसच हवं. मुलीला काम द्या, जरूर द्या. पण भाऊ सांभाळायचं नको. ते कोणतं, पुढं सांगते.

स्कूटीवाल्या पोराला मात्र आजच नाही म्हणा. प्रेमानं म्हणा, पण स्पष्ट म्हणा. नववीतल्या मुलाकडं लायसन्स असूच शकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक आणि गाडीचा मालक जबाबदार धरले जातात. २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. कायदा बाजूला ठेवा. एका अल्पवयीन पोराच्या मागं दोन लेकरं, तिघांत एकही हेल्मेट नाही आणि समोर उसाची ट्रॉली, एवढं चित्र पुरेसं आहे. त्याच्या आईलाही हे सांगा. तिलाही कुणीतरी सांगायला हवं असेल.

आता सासूबाईंची भीती. ती हसण्यावारी नेऊ नका, पण तिच्यामागंही वाहवत जाऊ नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून पाच निरपराध माणसांना जमावानं ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी, डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. मोबाईलवरच्या एका अफवेनं त्यांचा जीव घेतला. त्या महिन्यांत आपल्या मराठवाड्यातही गावोगाव हीच अफवा होती. मी तेव्हा शाळेत शिकवत होते, आणि पालक दुपारीच येऊन लेकरं घरी नेत होते. इतक्या भीतीत मोटारसायकलींच्या गर्दीकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

त्याच वर्षीची गोष्ट. शाळा सुटली, फाटकात नेहमीसारखी पालकांच्या गाड्यांची झिम्मड. एका बापानं आपल्या पोराला पुढं बसवून गाडी वळवली आणि पहिलीतली एक चिमणी चाकाखाली आली. पाय मोडला, जीव वाचला. गाडी चालवणारा वाईट माणूस नव्हता. तो आपल्या लेकराला जपूनच घरी नेत होता. तेव्हापासून मला एक गोष्ट दिसायला लागली आहे. प्रत्येक घर आपापल्या लेकराला जपायला एकेक गाडी रस्त्यावर आणतं आणि त्या सगळ्या गाड्या मिळून शाळेसमोरचा रस्ता धोक्याचा करतात. मग तो धोका बघून आणखी एक घर गाडी काढतं. तुमच्या पत्रात "माझी लेकरं" कैक वेळा आलं आहे, आणि ते साहजिक आहे. पण ही वाट एकेकट्या घरानं सुरक्षित होण्यातली नाही.

नवऱ्याचं म्हणणं थोडक्यात निपटू. लोक काय म्हणतील? शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा आणि त्याखालचे आपल्या राज्याचे नियम सांगतात की पहिली ते पाचवीच्या मुलांना एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, सहावी ते आठवीच्या मुलांना तीन किलोमीटरच्या आत. लेकरू पायी शाळेत येणार हेच त्यात गृहीत आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर अंग हलवायला हवं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या लेकरांचा त्यातला बराचसा वेळ जाता-येता, फुकटात भरून निघेल. एवढं मात्र त्यांना म्हणू नका, "आम्ही नाही का गेलो चालत?" मीही हे वाक्य पूर्वी फार वापरलं आहे. बालाघाटाच्या रांगेतल्या वस्तीवरून मी रोज दोन मैल चालत शाळेत जायची. पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल चपलेला असा चिकटायचा की चपला हातात घ्याव्या लागत. पण त्या वाटेवर दिवसभरात दोन बैलगाड्या आणि एक एसटी भेटायची. तुमच्या लेकरांची वाट ती नाही. तेव्हाच्या आठवणींवर आजच्या मुलांना रस्त्यावर सोडणं बरोबर नाही.

मग तुम्ही म्हणाल, मीच घेऊन जाते दोघांना. जा, कुठलाच उपाय जमला नाही तर तेच करा. पण हिशेब मांडा. आठवड्याचे सहा दिवस, सोडायला आणि आणायला, म्हणजे बारा फेऱ्या, त्याही दोन्ही बाजूंनी. महिन्याभरात पाय दुखतील, पाहुणे येतील, धाकट्या जाऊबाईंचं बाळंतपण निघेल आणि दोघं पुन्हा रिक्षात बसतील. म्हणून गट.

गट म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आषाढीला पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला निघते, नाथषष्ठीला गावोगावच्या दिंड्या पैठणला येतात. दिंडी म्हणजे घोळका नव्हे, हे तुम्ही बघितलेलं आहे. पुढं पताका, मग टाळकरी, मागं वीणा, त्यामागं तुळस घेतलेल्या बाया. प्रत्येकाची जागा ठरलेली, चाल ठरलेली, थांबा ठरलेला. लेकरांची दिंडी याच रीतीनं काढायची. इतरांनीही हे आपापल्या परीनं केलं आहे. जपानात गल्लीतली प्राथमिक शाळेची मुलं ठरल्या जागी जमतात आणि रांगेनं शाळेत जातात. वरच्या वर्गातलं मूल पुढं असतं, अवघड चौकांत मोठी माणसं उभी असतात, आणि पहिलीतल्या मुलांच्या डोक्यावर लांबूनही दिसेल अशी पिवळी टोपी असते. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड एंगविक्ट यांनी 'चालती शाळाबस' ही कल्पना मांडली. बससारखे थांबे, बससारखी वेळ, फक्त चाकांच्या जागी पाय. पुढं ती कितीतरी देशांत गेली.

तुमच्या वाटेवर ती कशी चालेल, ते आता बघू.

येत्या एखाद्या दिवशी साडेनऊला, म्हणजे शाळेच्याच वेळेला, दोन्ही लेकरांना घेऊन ती वाट चाला. रविवारी नको, रविवारचा रस्ता खोटं बोलतो. चालताना लेकरांच्या उंचीनं बघा. जमलं तर दोन-तीनदा खाली बसून बघा. उभ्या टेम्पोमागून तुम्हाला समोरचं दिसतं, तुमच्या मुलाला दिसत नाही, आणि ड्रायव्हरला तो दिसत नाही. पाण्याच्या टाकीपाशी कुत्री असतात का, कुठल्या दुकानासमोर माल उतरतो, नालीवरची फरशी कुठं फुटली आहे, हे सगळं मुलीला वहीत लिहायला सांगा. जवळची वाट कोणती हे विचारू नका, कमी वेळा रस्ता ओलांडावा लागणारी कोणती, ते शोधा. त्यापायी दोनशे पावलं जास्त पडली तर पडू द्या.

हमरस्ता ओलांडायची जागा एकच ठेवा. गतिरोधकापाशी किंवा दोन्ही बाजूंनी लांबवर दिसेल अशा सरळ जागी, वळणावर कधीच नाही. तिथं सगळ्यांनी थांबायचं, मोठ्या माणसानं आधी रस्त्यात उतरून हात करायचा, गाड्या खरोखर थांबल्यावरच लेकरांनी सगळ्यांनी मिळून एकदाच, न पळता ओलांडायचं. गटाचा सगळ्यात मोठा फायदा मला इथंच वाटतो. एकटं पोर ड्रायव्हरच्या नजरेतून सुटतं, रांगेनं चाललेली बारा लेकरं सुटत नाहीत. फुटपाथ नसेल तिथं उजव्या कडेनं चालायचं, म्हणजे येणारी गाडी समोर दिसते. डाव्या कडेनं चाललं की गाडी पाठीमागून येते आणि आवाज येईपर्यंत फार उशीर होतो. आपल्याकडं बहुतेक मुलांना "डावीकडून चाल" असंच शिकवलेलं असतं. ते गाडीसाठी आहे.

उसाच्या ट्रॉल्यांविषयी थोडं जास्त बोलते, कारण दिवाळीपासून मार्चपर्यंत आपल्या भागात यापेक्षा मोठा धोका रस्त्यावर नसतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर, मागं ना दिवा ना चमकपट्टी. ट्रॅक्टर वळतो तेव्हा मागची ट्रॉली त्याच्या चाकोरीनं जात नाही, वळणाच्या आतल्या बाजूला ओढली जाते. ट्रॅक्टर पुढं गेला म्हणून आतल्या कडेला पुढं सरकलेलं लेकरू त्या दुसऱ्या ट्रॉलीत सापडतं. म्हणून मुलांना पाठच करून घ्या की ट्रॅक्टर गेला म्हणजे गाडी गेली असं नाही, दुसरी ट्रॉली जाईपर्यंत मागं उभं राहायचं. आणि चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायला पोरं पळतात, ते तर तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही-आम्हीही पळालो असू. गटाचा हा एक नियम असा ठेवा की त्याला माफी नाही. ऊस खायचाच असेल तर घरून कांडकी करून द्या डब्यात.

माणसं किती लागतील? लहान मुलांच्या चालत्या गटासाठी सहा मुलांमागं एक मोठं माणूस, हे प्रमाण धरतात. अगदी बालवाडी-पहिलीची, चार ते सहा वर्षांची असतील तर तिघांमागं एक. बारा-तेरा मुलांच्या गटात पुढं एक, मागं एक, आणि लहान लेकरं जास्त असतील तर मधे एक. दोन माणसं धरली तर आठवड्याच्या सगळ्या फेऱ्या मिळून चोवीस पाळ्या होतात. आठ घरं असली तर एका घराला तीन. एकट्यानं बाराच्या जागी तीन. आजोबा, आत्या, काका, कुणीही चालेल. पाळीची यादी कागदावर लिहून पार, किराणा दुकान, शाळेचा फलक अशी तीन ठिकाणी लावा. व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका, पण नुसतं तिथंच नको. सगळ्यांकडं रिचार्ज असतोच असं नाही. प्रत्येक थांब्यावर दोन मिनिटं वाट बघायची, मग निघायचं. ज्याचं लेकरू मागं राहिलं त्याच्या घरच्यांनी शाळेत आणून सोडायचं. सुरुवातीला हे कठोर वाटेल, पण एका घरासाठी रोज पाच मिनिटं थांबलेली दिंडी पंधरा दिवसांत मोडते.

आणि मुलीचं काम. तिला मोजणी द्या. प्रत्येक थांब्यावर किती चढले, रस्ता ओलांडल्यावर किती आहेत, फाटकात किती पोचले, तिनं मोठ्यानं सांगायचं आणि वहीत लिहायचं. पाचवीतल्या मुलीला शोभेल अशी ही जबाबदारी आहे, आणि चूक झाली तरी मागं मोठं माणूस आहे. धाकट्याचा हात मोठ्या माणसानं धरायचा, तोही बोटं धरून नाही, मनगट धरून. बोटं निसटतात.

एक अवघड बोलणं राहिलं. लेकरांना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा अनोळखी नसतो, ओळखीतलाच असतो. म्हणून पाळीवर येणारी माणसं सगळ्या घरांना माहीत असलेली हवीत, आणि कुठल्याही एका माणसाबरोबर एकटं लेकरू कधी नसावं. शेवटच्या थांब्याच्या पुढंही नाही. यात कुणाचा अपमान नाही, सगळ्यांना एकच नियम. "काका घरी चल म्हणाले, बिस्कीट देतो म्हणाले" हे लेकरानं घरी येऊन सांगितलं तर आधी पूर्ण ऐका, रागावू नका. १०९८ हा क्रमांक मुलांसाठीचा आहे, ११२ पोलिसांचा. दोन्ही लेकरांना तोंडपाठ हवेत.

आता कडेच्या त्या बारीक अक्षरांकडं येते. खरं सांगते, पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला तेच वाटलं. तुम्ही ते मधे न लिहिता कडेला लिहिलंत, म्हणजे तुम्हालाही ते टोचत असणार.

ताई, वस्तीतली लेकरं आजही त्याच रस्त्यानं, तोच हमरस्ता ओलांडून, त्याच शाळेत जातात, बहुधा मोठ्या माणसाशिवाय. त्यांतल्या किती घरचे आईबाप दसरा-दिवाळीलाच कोयता घेऊन ऊसतोडीला गेले असतील? कुणाची लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, कुणाची आजीजवळ. त्या आजीला मोटारसायकल येत नाही आणि रिक्षाचे पैसे परवडत नाहीत. तुमची सहा लेकरं दोन मोठ्या माणसांसोबत रस्ता ओलांडणार आणि त्यांच्या मागून दहा पावलांवर ही सहा लेकरं एकटी ओलांडणार, हे चित्र तुमच्या मुलीच्या डोळ्यांसमोर रोज राहील. ती काहीच विचारणार नाही असं वाटतं का तुम्हाला? ती विचारेल. आणि तुम्ही काही उत्तर दिलं नाही तर उत्तर तिचं तीच शोधेल, आणि ते तुम्हाला आवडणार नाही.

घरचे बोलतील, ते खरं आहे. त्यांना नात्यागोत्याचा आणि जातीपातीचा वाद घालून पटणार नाही, निदान लगेच नाही. वाटेचा हिशेब पटेल. सहा मुलांचा गट दोन आजारी पडली की चारचा होतो आणि चौथ्या आठवड्यात संपतो. अकरा-बारांचा टिकतो. पाळ्या वाटल्या जातात. ओढ्याच्या पुलाची खबर सगळ्यात आधी वस्तीतल्यांना असते. सासूबाईंना हेही सांगा की वाटेवर ओळखीची माणसं जितकी जास्त, तितकी त्यांची ती टोळी लांब. शाळेत ही लेकरं एका बाकावर बसतात आणि एका पंगतीला खिचडी खातात. वाटेवर मात्र वेगळी चालली, तर शाळेनं शिकवलेलं आपण रोज दोनदा पुसतो. मी अठ्ठावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं आणि हे पुसणं रोज बघितलं. म्हणून या एका मुद्द्यावर मी तुम्हाला दोन पर्याय देणार नाही. वस्ती धरूनच गट करा.

ऋतूंचं थोडक्यात. पावसाळ्यात नळकांडी पुलावरून पाणी चाललं असेल तर ते घोट्याएवढं दिसलं तरी परत फिरायचं, शाळा बुडाली तरी चालेल. त्या दिवशीचा निर्णय पाळीवरच्या माणसाचा, त्यावर कुणी वाद घालायचा नाही. मार्चपासून सकाळची शाळा झाली की येताना ऊन डोक्यावर असतं. पाण्याची बाटली, डोक्याला रुमाल, आणि वाटेत एका लिंबाखाली ठरलेला थांबा हवाच. एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की लहान लेकरांसाठी परतीला वाहन करा, त्यात हरल्यासारखं वाटून घेऊ नका. शनिवारच्या सकाळच्या शाळेला हिवाळ्यात अंधुक असतं, तेव्हा सगळ्यांच्या डोक्यावर भडक रंगाची टोपी. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, जागच्या जागी उभं राहायचं. चावलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि तडक सरकारी दवाखाना. हळद-मिरची लावत बसू नका.

गट चार आठवडे चालला की शाळेकडं जा, त्याआधी नको. हातात मुलीची मोजणीची वही असू द्या. अनुदानित किंवा सरकारी शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समिती असतेच. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका, हे कायद्यात आहे. शालेय बससाठीच्या २०११ च्या नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समितीही असायला हवी. रिक्षात अकरा लेकरं कशी, हा प्रश्न तिथं मांडा. रिक्षावाल्या मामांना शत्रू करू नका. आठवड्याला एका पाळीसाठी, किंवा उन्हाळ्यात सहा-सहा लेकरांच्या दोन फेऱ्यांसाठी, त्यांनाच सोबत घेता येईल का ते बघा. समितीकडून लेखी अर्ज करून घ्या. नगरपंचायतीला ओलांडायच्या जागी पांढरे पट्टे आणि गतिरोधकासाठी, पोलिस ठाण्याला पावणेदहा ते सव्वादहा एका होमगार्डसाठी, आणि कारखान्याला त्या अर्ध्या तासात त्या टापूत ट्रॉल्या थांबवण्यासाठी. जिथं माणसं आणि गाड्या एकाच रस्त्यावर असतात तिथं ताशी ३० किलोमीटरच्या वर वेग नको, हे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जगानं मान्य केलं आहे. अर्जात तो आकडा घाला. कारखान्याच्या अर्जावर तुमच्या यजमानांची सही पहिली असू द्या. ते तिथलेच आहेत, त्यांचं ऐकलं जाईल, आणि "लोक काय म्हणतील"चंही उत्तर त्यातच आहे.

हे वाचणाऱ्या इतर आयाबापांसाठी एक सांगायला हवं. सगळ्यांना हे लागू नाही. शाळा तीन-चार किलोमीटरवर असेल, वाट चौपदरी महामार्गावरून असेल आणि खालून रस्ता नसेल, तर लेकरांना चालवू नका. मुलींसाठी काही तालुक्यांत मानव विकास या सरकारी योजनेची बस आणि एसटीचा मोफत पास आहे. बसची वेळ शाळेशी जुळत नसेल तर आगारात ग्रामपंचायतीच्या ठरावासह अर्ज द्या, एकट्याच्या तोंडी तक्रारीनं वेळ बदलत नाही. पण घर ते बसथांबा हेही चालणंच आहे, आणि तिथंही मुली जोडीनं, घोळक्यानं गेलेल्या बऱ्या. शाळा सुटण्याच्या वेळी टवाळखोरी होत असेल तर पोलिसांच्या दामिनी पथकाला कळवा आणि मुलीची शाळा बंद करू नका.

ताई, सुरुवात कुठून करायची हे तुम्ही विचारलं नाही, पण सांगते. गल्लीतल्या बायांशी बोलण्याआधी, शाळेत जाण्याआधी, ओढ्यापलीकडं जा. मुलीला बरोबर घ्या. तिच्या वर्गातल्या पोरीचं घर तिला माहीत असेलच. आजी असेल घरी, बसा म्हणेल, चहा टाकेल. तो चहा घ्या. आणि मग विचारा, "तुमची लेकरं किती वाजता निघतात?"